बोल्टचे तोंड कोणीकडे?

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. एके दिवशी सायंप्रार्थनेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. उजव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली, कपड्यांवर तेलाचे डाग, आणि मुद्रा अशी, की जणू घरात कोणी दगावले आहे. आम्ही त्यास आत बोलावून बसविले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, मी गॅरेज बंद करतो. हा धंदा मला जमायचा नाही."

ह्या मुलाची परिस्थिती आम्हांस ठाऊक होती. वडील लवकर गेले. आईने हातातल्या दोन्ही पाटल्या गहाण ठेवून त्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटारदुरुस्तीचे शिक्षण दिले आणि पुढे बेळगावच्या रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड उभारून दिली. मुलगा कष्टाळू व हाताचा चोख. दोन वर्षांत एक पाटली त्याने सोडवून आणली होती. दुसरी अद्याप पेढीवरच होती. असा मुलगा एकाएकी धंदा सोडावयास निघाला, तो एका बोल्टपायी.

झाले ते असे. शेजारच्या गावातील एका भाजीवाल्याची मालवाहू गाडी सुरू होईना. गाडीचा स्टार्टर बिघडला होता. तो उतरवावयाचा म्हणजे दोन बोल्ट काढावयाचे. खालचा बोल्ट हाताशी होता, तो लगेच निघाला. वरचा मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात त्या सांदीत, नळ्यांच्या आड. रिंग पाना तेथे जाईना. मुलाने वरून वाकून, तोंड पसरलेला एक जुना दुतोंडी पाना कसाबसा कडेने लावला व जोर केला. पाना घसरला, बोटे सोलवटली आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून ते गोल झाले. मग त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली व सगळा भार टाकला. ह्या वेळी बोल्टच मोडला. अर्धा आत राहिला. तो काढण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. दोन दिवस गेले. भाजीवाल्याची भाजी बाजारात पोचली नाही. त्याची भरपाई आणि वरचा खर्च मुलाने पदरचा केला, आणि ज्या पैशांनी दुसरी पाटली सुटावयाची ते पैसे असे गेले.

आम्हांस मोटारींचे थोडेफार वेड आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. सेमिनरीत असता तेथील जुन्या जीपची देखभाल आमच्याकडे होती व अशा बोल्टांनी आमचीही बोटे सोलवटली आहेत. तरी पण ह्या मुलास शिकविण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास घेऊन बेळगावास, उद्यमबागेच्या बाजूस राहणाऱ्या एका वृद्ध फिटरकडे गेलो. गृहस्थांनी चाळीस वर्षे इंजिने उघडली आहेत. आता नजर मंद झाली आहे, पण हत्यारांची पेटी अजून उशाशी असते.

मामांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि मुलास एकच प्रश्न विचारला. "पोरा, बोल्ट कुठं आहे ते तू बघितलंस. पण बोल्टचं तोंड कोणीकडं आहे, ते बघितलंस काय?"

मुलगा गप्प राहिला. त्या बोल्टचे डोके वर नव्हते. ते मागे, गिअरबॉक्सच्या दिशेस वळलेले होते. मुलगा मात्र वरून हात घालीत होता, कारण उभे राहावयास जागा तेथे होती. मामा म्हणाले, "आपल्याला जिथं उभं राहाणं सोयीचं, तिथनं बोल्ट निघत नाही. बोल्ट जिकडं बघतोय, तिकडं आपण जायचं. वाट लांबची असली तरी तीच सरळ."

मग त्यांनी ती वाट समजावून सांगितली. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. स्टार्टरपाशी सदैव वीज असते, व पाना त्या तारेस आणि लोखंडास एकदम लागला तर ठिणगी उडून हात भाजतो. गाडी जॅकवर उचलून थेट तिच्याखाली कधीही शिरू नये. पक्के आधार लावून, चाकांना अडणी देऊन, गाडी हलवून पाहावी, मगच खाली जावे. खाली गेल्यावर गिअरबॉक्सच्या अंगालगत मागून पुढे एक अरुंद पण सरळ वाट दिसते. त्या वाटेने एका गोटीस एकामागून एक लांब एक्स्टेन्शन जोडून दोन-अडीच फूट आत घालावे, गोटी बोल्टच्या डोक्यावर बसवावी आणि रॅचेट मागे, मोकळ्या जागेत फिरवावा. हात बोल्टपर्यंत जात नाही, पण हाताची शक्ती जाते. इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे वरचे बोल्ट काढण्याची ही रीत जाणत्या कारागिरांत रूढ आहे.

वाचकहो, आज आपल्या खेड्यापाड्यांतून शेकडो तरुण असा धंदा करीत आहेत, आणि स्वतःची गाडी स्वतः सुधारणारेही घरोघरी आहेत. नव्या गाड्यांत इंजिनाची जागा दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. तेव्हा मामांच्या पेटीतील हत्यारे आणि त्यांचे उपयोग येथे नोंदून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट पाहण्याची. जेथे डोळा जात नाही तेथे लहान आरसा व विजेरी जाते. हल्ली आणखी एक सोय झाली आहे: मोबाईलचा कॅमेरा सांदीत धरून चित्र घ्यावे, म्हणजे बोल्टचे डोके, त्याची दिशा व भोवतालची अडचण सारे शांतपणे पाहता येते. मग बोटांनी चाचपावे. डोक्यावर माती वा गंज असल्यास तारेच्या ब्रशाने तो आधी काढावा. मळलेल्या डोक्यावर गोटी पुरती बसत नाही. गंजलेल्या बोल्टवर गंज सैल करणारे तेल टाकून थांबावे, शक्य तर रात्रभर. प्रथम किंचित घट्ट करण्याच्या बाजूस हलवून पाहावे. गंजाची पकड तुटली की बोल्ट पुष्कळदा उलट फिरू लागतो. पेट्रोलच्या नळ्या, रबर किंवा बॅटरी जवळ असता ज्योतीने तापविण्याचा मोह मात्र टाळावा.

दुसरी गोष्ट मापाची. जुन्या अँबॅसडरचे ब्रिटिश घडणीचे इंजिन व जुनी जीप ह्यांना इंचाच्या मापाचे बोल्ट असत. डिसेंबर १९८३ पासून आलेल्या मारुती ८००ने मिलिमीटरची मापे घरोघरी नेली. दोन्हींची हत्यारे एकाच पेटीत पडली की घोटाळा होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ची गोटी बसते खरी, पण सैल; आणि जोर पडताच कोपरे झिजविते. उलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथे १९चे माप जवळजवळ बरोबर जमते. मिलिमीटरच्या मापांतही दोन पंथ आहेत. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीत बहुधा १२चे असते, तर युरोपीय पद्धतीत १३चे. आंधळ्या जागी अंदाजाने गोटी लावण्यापूर्वी तसाच दुसरा बोल्ट उघड्यावर कोठे आहे ते पाहावे, व त्यावर माप लावून खात्री करावी.

तिसरी गोष्ट पकडीची. गोटीच्या आत सहा कोपरे असतात किंवा बारा. बारा कोपऱ्यांची गोटी दर ३० अंशांवर बसते, म्हणून अडचणीत ती सोयीची. सहा कोपऱ्यांची दर ६० अंशांवरच बसते, पण बोल्टला भक्कम धरते. गंजलेल्या व आवळलेल्या बोल्टला सहा कोपऱ्यांचीच लावावी. रॅचेटच्या दातांचेही तसेच. २४ दातांचा रॅचेट पुढचा दात पकडण्यास १५ अंश फिरावा लागतो. ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश पुरतात. जेथे दांडा जेमतेम बोटभर हलतो, तेथे बारीक दातांचा रॅचेट काम करतो, मोठ्या दातांचा नुसता डुलतो.

आता खास हत्यारे. सरळ वाट असेल तर साधे एक्स्टेन्शन. वाट थोडी तिरपी असेल तर डुलते एक्स्टेन्शन. त्याचे टोक गोलसर घडविलेले असल्याने गोटी सुमारे १५ अंशांपर्यंत कलते. वाट त्याहून वाकडी असेल तर फिरता सांधा. हा सांधा आत जाताना लुळ्या मानेसारखा पडतो. त्याभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत, म्हणजे तो ताठ राहतो, पण जोर लावल्यावर वळतो. कोन फार झाला तर सांधा अडखळत फिरतो व गोटी निसटते. तेव्हा शक्य तितका तो सरळ ठेवावा.

डोक्यावर गोटी बसण्याइतकीही उंची नसेल, तर कावळ्याच्या पायासारखा एक लहान पाना येतो. त्यास दांडा नसतो. चौकोनी भोक असते, त्यात एक्स्टेन्शन बसते आणि पाना कडेने बोल्टला धरतो. स्टार्टर व धुराच्या नळीच्या बोल्टांसाठी अर्धचंद्राकृती रिंग पाना असतो. तो मध्ये आलेल्या नळीला वळसा घालून पलीकडच्या बोल्टला पकडतो. ब्रेकच्या नळीवरील नट मऊ असतात आणि नळी मधून गेल्याने त्यांवर रिंग चढत नाही. त्यांच्यासाठी एका बाजूस फट ठेवलेला रिंग पाना मिळतो. फटीतून नळी आत जाते व नटाचे बहुतेक सारे कोपरे धरले जातात. ब्रेकच्या नटावर साधा दुतोंडी पाना चालविणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. एक नट गोल झाला तर सारी नळी बदलावी लागते. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरचे माप बहुधा २२ मिलिमीटर असते, व त्याच्या माथ्यातून तार निघते. म्हणून त्याच्या गोटीस उभी फट असते. स्पार्क प्लग खोल विहिरीत बसतो. त्यासाठी लांब गोटी, आणि तीत प्लग धरून ठेवण्यास रबर किंवा चुंबक. ॲल्युमिनियमच्या इंजिनातून प्लग काढताना इंजिन थंड होऊ द्यावे, नाही तर आटे निघून येतात.

बोल्ट काढणे जितके अवघड, तितकेच तो परत लावणेही. सांदीत बोल्ट हातातून निसटून खाली पडतो. गोटीत थोडे ग्रीस किंवा कागदाचा कपटा घालून बोल्ट त्यात अडकवावा व अलगद आत न्यावा. पहिले दोन-तीन फेरे दांड्याशिवाय, नुसत्या बोटांनी एक्स्टेन्शन फिरवून द्यावेत. आटे वाकडे बसले असतील तर बोटांना लगेच समजते. रॅचेटला समजत नाही.

येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. ठरावीक जोराने आवळण्याच्या टॉर्क पान्यास सरळ एक्स्टेन्शन लावले तर मापात व्यवहारतः फरक पडत नाही. परंतु कावळ्याच्या पायाचा पाना दांड्याच्या सरळ पुढे लावला, तर दांडा लांबल्यासारखा होऊन बोल्ट ठरल्याहून अधिक आवळला जातो. समजा, मुठीपासून टॉर्क पान्याच्या चौकोनापर्यंत अंतर ४० सेंटिमीटर आहे आणि पुढचा पाना ४ सेंटिमीटर पुढे आला आहे. बोल्टला ४४ न्यूटन-मीटर हवे असतील तर ४४ला ४०ने गुणून ४४ने भागावे. म्हणजे पाना ४०वर ठेवावा. तोच पाना दांड्याशी काटकोनात लावला तर ही दुरुस्ती करावी लागत नाही.

सुटी गोटी आणि सुटा दांडा ही कल्पना आज आपणांस साधी वाटते. पण पूर्वी प्रत्येक मापाचा पाना त्याच्या दांड्यासह अखंड असे. अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी जोसेफ जॉन्सन नावाच्या कारागिराने पाच दांडे व दहा गोट्या अशी जोडणी सुचविली. कोणतीही गोटी कोणत्याही दांड्यास बसावी, म्हणजे पंधरा नगांत पन्नास पान्यांचे काम व्हावे. ज्या कारखान्यात तो नोकरीस होता, त्याने ही सूचना नाकारली. तेव्हा १९२० साली विल्यम साइडमन ह्या सहकाऱ्यासह त्याने स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे स्नॅप-ऑन म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. आज आपण एक्स्टेन्शनमागे एक्स्टेन्शन जोडून सांदीत हात घालतो, ते ह्या सुट्या गोटीमुळेच शक्य झाले आहे.

मामांच्या पेटीत दोन-तीन पाने घरी घडविलेलेही होते. एक रिंग पाना मधोमध कापून आखूड केलेला, एक तापवून वाकविलेला. ते म्हणाले, "बाजारात मिळत नाही, तेव्हा आपण करायचं. पण चांगला पाना कधी कापायचा नाही. भंगारातला घ्यायचा." येथे एक सावधगिरी आहे. पाना लाल होईपर्यंत तापविला की पोलादाचे पाणी उतरते व तो मऊ पडतो. असा पाना हलक्या बोल्टला चालेल. भारी आवळलेल्या बोल्टला लावल्यास तो फाकेल आणि हात कापील.

मुलाने विचारले, "मामा, मग मी सगळं एकदम घेऊ काय? शहरात हप्त्यावर दोनशे नगांची पेटी मिळते म्हणतात." मामा हसले. "त्या दोनशेंतले दीडशे तुझ्या हातात कधी यायचे नाहीत. आणि जो पाहिजे, तो नेमका त्यात नसतो."

त्यांचा सल्ला आम्ही येथे देतो. ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ ह्या मापांच्या सहा कोपऱ्यांच्या गोट्या, आखूड व लांब दोन्ही, प्रथम चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात. तीन अष्टमांश इंची चौकोनाचा बारीक दातांचा रॅचेट, तीन वेगवेगळ्या लांबीची एक्स्टेन्शने व एक फिरता सांधा घ्यावा. चाकांच्या नटांसाठी अर्ध्या इंची चौकोनाचा लांब दांडा निराळा. एवढ्यावर बहुतेक कामे होतात. खास हत्यार काम समोर आल्यावर, माप घेऊन, एक-एक घ्यावे. घेताना नवा बोल्ट खिशात न्यावा आणि दुकानातच गोटी बसवून पाहावी: ती हलते काय, तिची भिंत सांदीत मावेल इतकी पातळ आहे काय, मापाचा आकडा खोल कोरलेला आहे काय. गाडीच्या कंपनीच्या दुरुस्तीपुस्तकात खास हत्यारांचे क्रमांक दिलेले असतात. तो क्रमांक लिहून नेल्यास दुकानदारास समजाविण्याचा त्रास वाचतो. आपल्या देशात ही हत्यारे मुख्यत्वे जालंधर व लुधियाना येथे बनतात. नाशिकच्या टपारियाचे नाव तर सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईचा नागदेवी स्ट्रीट आणि सिकंदराबादचे राणीगंज येथे ह्या मालाच्या दुकानांच्या रांगाच आहेत. कोणी नातलग तिकडे जात असेल तर त्याच्या हाती बोल्टचे माप व मोबाईलमधील चित्र द्यावे.

परतीच्या वाटेवर आम्ही मुलास एक गोष्ट सुचविली. अर्धचंद्राकृती पाना किंवा सेन्सरची गोटी वर्षातून चार वेळा लागावयाची. ती प्रत्येकाने विकत घ्यावी तरी कशाला? अमेरिकेत सुट्या भागांची काही दुकाने अशी हत्यारे अनामत रक्कम घेऊन वापरावयास देतात व परत आणल्यावर रक्कम फेडतात. आपल्याकडे तसे दुकान नसेल, पण शेजारी तर आहेत. त्या रस्त्यावर तीन गॅरेजे आहेत. मुलगा प्रथम कचरला. "ते माझं गिऱ्हाईक नेतील, फादर." आम्ही म्हटले, "त्यांचेही बोल्ट मोडतच असतील. विचारून तर बघ." त्याने विचारले. आज त्या तिघांत मिळून खास हत्यारांची एक पेटी आहे. वही आहे, नेणारा सही करतो, आणि पाना मोडला तर मोडणाऱ्याने भरावयाचा असा नियम आहे. पेटी महिन्यामहिन्याने एकेकाकडे असते. अद्याप भांडण झालेले नाही. झाले तर ते मिटविण्याचे काम आमच्याकडे येईल, अशी आम्हांस धास्ती आहे.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात तोच भाजीवाला पुन्हा त्या शेडपाशी थांबला. ह्या वेळी त्याच्या भावाची गाडी होती, त्याच घडणीची, आणि बिघाडही तोच. आम्ही योगायोगाने त्या रस्त्याने जात होतो, म्हणून उतरलो. मुलाने तार सोडली, आधार लावले, गाडी हलवून पाहिली आणि मग पाठीवर सरपटत खाली गेला. बराच वेळ फक्त विजेरीचा उजेड हलताना दिसत होता. भाजीवाला चुळबुळ करू लागला. मग रॅचेटचा कटकट आवाज आला. पहिल्यांदा अडखळत, मग सरळ. थोड्या वेळाने मुलगा बाहेर आला. त्याने चौदाचा बोल्ट आमच्या तळहातावर ठेवला. त्याचे सहाही कोपरे शाबूत होते.

दुसरी पाटली सुटावयास अजून थोडा अवकाश आहे. त्याच्या आईने परवा आम्हांस तसे सांगितले, आणि सांगताना ती हसत होती.